शाळेतल्या बाई आणि घरातली आई : सावित्रीबाई फुले



शाळेच्या दिवशी सकाळी वाईच्या एस.टी. स्टँडवर पाच-दहा मिनिटे उभे राहून पाहा. खांद्याला पर्स, हातात कापडी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा आणि रात्री जागून तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा घेऊन चार-पाच शिक्षिका आपापल्या गाडीची वाट पाहत असतात. कोणाला भुईंजला जायचे असते, कोणाला पाचवडला. त्या पहाटे उठलेल्या असतात. घरातल्यांचे डबे झालेले असतात, सासूबाईंचे औषध उशाशी ठेवलेले असते, धाकट्याला शेजारी सोडलेले असते. पहिल्या तासाला फळ्यासमोर उभ्या राहतील तेव्हा त्यांच्या दिवसाचे चार तास कामात गेलेले असतील. तुमच्यापैकी काहींची अम्मी किंवा खाला अशीच शिक्षिका असेल.

अशा बाईविषयी आपल्या समाजात एक प्रश्न नेहमी विचारला जातो. ही घर सांभाळील की शाळा? दोन्हींपैकी एकाचे नुकसान होणारच, असे विचारणारा गृहीत धरून चालतो. याच प्रश्नापायी कित्येक हुशार मुलींचे शिक्षण अर्ध्यावर थांबते आणि कित्येक शिकलेल्या सुनांची प्रमाणपत्रे ट्रंकेत पडून राहतात. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला फार लांब जाण्याचे कारण नाही. वाईहून सुरूरला जावे, पुण्याच्या रस्त्याला लागावे आणि खंबाटकीचा घाट ओलांडावा, की आपल्याच सातारा जिल्ह्यातला खंडाळा तालुका लागतो. त्या तालुक्यात नायगाव नावाचे गाव आहे. तेथे ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच पुढे सावित्रीबाई फुले झाली. त्यांच्या मोठेपणाविषयी भाषणे पुष्कळ होतात. आज मी तुम्हाला त्यांचे घर आणि त्यांची शाळा, म्हणजे त्यांचा रोजचा संसार, सांगणार आहे.

१८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, सावित्रीबाईंचे लग्न पुण्याच्या गोविंदराव फुले यांचे चिरंजीव जोतीराव यांच्याशी झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. फुल्यांचे मूळ गावही आपल्याच जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातील कटगुण. गोविंदरावांचा भाजीपाल्याचा आणि फुलांचा व्यवसाय होता, मळा होता. जोतीरावांची आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या होत्या. त्यांना वाढवले ते सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी. सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत असत. लिहिण्यावाचण्याचे मोल त्यांनी तेथे पाहिले होते. सावित्रीबाई नांदायला आल्या त्या घरात सासू नव्हती. होत्या त्या या सगुणाबाई, आणि त्या शिक्षणाच्या बाजूच्या होत्या. सून शिकते की नाही हे पुष्कळदा घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईवर अवलंबून असते, ही गोष्ट पालकांनी येथेच लक्षात ठेवावी.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. जोतीरावांची शाळा लहानपणी मध्येच सुटली होती. मुलगा शिकून बिघडतो असे कोणीतरी गोविंदरावांच्या मनात भरवले आणि त्यांनी मुलाला मळ्यात कामाला लावले. तो रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक घेऊन बसतो, हे शेजारच्या दोन गृहस्थांनी पाहिले. त्यांपैकी एक होते गफार बेग मुन्शी, उर्दू आणि फारसी शिकवणारे. दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. दोघांनी गोविंदरावांकडे जाऊन त्यांचे मन वळवले आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. मुन्शीजींचे त्या मुलाशी रक्ताचे नाते नव्हते, जात-धर्माचेही नव्हते. ते शिक्षक होते आणि एक मूल वाया जात आहे हे त्यांना बघवले नाही. त्या दिवशी मुन्शीजी गप्प बसते तर जोतीराव मळ्यातच राहते, आणि पुढे सावित्रीबाईंना अक्षरे कोणी शिकवली असती?

सावित्रीबाई सासरी आल्या त्या निरक्षर. लहानपणी शिरवळच्या बाजारात कोणा मिशनऱ्याने दिलेले एक पुस्तक त्यांनी वाचता येत नसतानाही जपून सासरी आणले होते, असे चरित्रकार सांगतात. त्यांना लिहायला-वाचायला शिकवले जोतीरावांनी. त्या काळचे घरकाम डोळ्यांसमोर आणा. गिरणी नव्हती, रोजचे पीठ पहाटे उठून जात्यावर दळायचे. पाणी हौदावरून किंवा विहिरीवरून आणायचे. चूल फुंकायची, मळ्यातही हात लावायचा. यातून उरलेल्या वेळात त्या शिकल्या. पुढे त्यांनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षणही घेतले. अहमदनगरला फरारबाई या अमेरिकन मिशनरी शिक्षिका होत्या आणि पुण्यात मिचेलबाईंचे नॉर्मल स्कूल होते. या दोन्ही ठिकाणी त्या शिकल्याचे चरित्रकार नोंदवतात. आज आपण ज्याला डी.एड. किंवा बी.एड. म्हणतो त्याचेच ते त्या काळातले रूप. शिकवणे हे नुसत्या उत्साहाचे काम नाही, ते शिकून घ्यावे लागते, हे या जोडप्याने तेव्हाच ओळखले होते.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्या बारावीत बसणाऱ्या मुलीच्या वयाच्या. घरातले आटोपून त्या शाळेला निघत. वाटेत लोक नावे ठेवीत. कोणी शेण फेकी, कोणी चिखल. ही गोष्ट तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली असेल. मला त्यातला एक साधा तपशील नेहमी आठवतो. त्या बरोबर दुसरे लुगडे ठेवीत. शाळेत पोचल्यावर घाण झालेले लुगडे बदलायचे, स्वच्छ नेसून वर्गात उभे राहायचे आणि परत जाताना पुन्हा तेच मळके नेसायचे. विचार करा, रोज एक लुगडे जास्त धुवायचे, वाळवायचे, घडी घालून पिशवीत ठेवायचे. सावित्रीबाईंचे धैर्य म्हणजे हेच. ते एका दिवसाचे नव्हते. रोज संध्याकाळी धुणे धुताना ते नव्याने गोळा करावे लागत होते. आणि मुलींसमोर मात्र बाई रोज स्वच्छ लुगड्यात उभ्या राहत. रस्त्यातला अपमान त्यांनी वर्गात नेला नाही.

लोकांचा राग घरापर्यंत पोचला. समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी १८४९ साली मुलाला आणि सुनेला सांगितले की शाळा तरी सोडा नाहीतर घर तरी सोडा. दोघांनी घर सोडले. नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेल्या या जोडप्याला गंज पेठेत उस्मान शेख यांनी आपल्या घरी आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. ज्यांना स्वतःच्या बिरादरीत थारा राहिला नव्हता, त्यांना एका मुसलमान घराने चूल मांडायला जागा दिली. याच घरातल्या फातिमा शेख. उस्मान शेख यांची बहीण म्हणून त्यांची ओळख दिली जाते. त्या सावित्रीबाईंबरोबर शाळेच्या कामात उभ्या राहिल्या. ज्या काळात मुसलमान मुलीने घराबाहेर पडून शिकवायला जाणे कोणाच्या स्वप्नातही येत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे. म्हणून आज आपल्या संस्थेतल्या एखाद्या तरुण शिक्षिकेला कोणी हिणवले, की हे आपल्या रीतीत बसत नाही, तर तिने खुशाल सांगावे की आपल्या रीतीत हे पावणेदोनशे वर्षांपासून बसलेले आहे.

काम वाढत गेले. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची आणखी एक शाळा निघाली. पहिल्या दिवशी आठ मुली होत्या. थोड्याच दिवसांत त्या अठ्ठेचाळीस झाल्या. सावित्रीबाई या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि पुढच्या वर्षी वेताळ पेठेत शाळा निघाल्या. वाचन, व्याकरण, गणित, इतिहास, भूगोल असे विषय मुली शिकू लागल्या. अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही वेगळ्या शाळा निघाल्या. या सगळ्या कामाचे सावित्रीबाई वेतन घेत नव्हत्या, अशी त्या काळच्या अहवालात नोंद आहे. म्हणजे घर चालवायचे ते जोतीरावांच्या कमाईवर आणि स्वतःच्या काटकसरीवर. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारतर्फे विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सत्कार झाला. शाल त्यांच्या खांद्यावर पडली, पण तिच्या अर्ध्या उबेवर सावित्रीबाईंचा हक्क होता.

शिक्षकाच्या कामाचे फळ त्याच्या विद्यार्थ्यांत दिसते. १८५५ साली ज्ञानोदय या पत्रात मांग आणि महार समाजाच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ताबाई ही याच शाळांत शिकणारी मांग समाजातली मुलगी होती. जिच्या आज्या-पणज्यांना अक्षर दिसलेही नव्हते, ती मुलगी थेट देवाधर्माच्या ठेकेदारांना जाब विचारू लागली. त्याच सुमारास दिवसा राबणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांसाठी फुले पतिपत्नींनी आपल्या घरीच रात्रीची शाळा सुरू केली. दिवसाची शाळा, संध्याकाळचा स्वयंपाक आणि पुन्हा रात्रीची शाळा, असा तो दिवस होता. यातच १८५४ साली त्यांचा काव्यफुले हा कवितासंग्रहही प्रसिद्ध झाला. आपल्याला वेळ मिळत नाही म्हणून पुस्तक उघडत नाही असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाने येथे मान खाली घालावी.

१८५६ साली सावित्रीबाई आजारी पडल्या. श्रमाने थकलेले शरीर विश्रांती मागत होते. त्या माहेरी नायगावला आल्या. भावाने त्यांची शुश्रूषा केली. १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी तेथून जोतीरावांना पत्र लिहिले. आजारी माणसाच्या पत्रात सहसा दुखण्याचेच रडगाणे असते. या पत्रात सावित्रीबाईंना काळजी आहे ती पुण्याच्या कामाची, आणि आपल्या माघारी सगळा भार फातिमावर पडला असेल याची. ती कुरकुर करणार नाही अशी त्यांना खात्री आहे, म्हणूनच काळजी अधिक. ज्या शिक्षिकेने कधी रजेवर असताना आपल्या सहकारी बाईंच्या जादा तासांचा विचार केला असेल, तिला या ओळींचा अर्थ लगेच कळेल. फातिमाबाईंविषयी कागदावर फार थोडे उरले आहे. पण सहकाऱ्याने आजारपणात काळजीने आठवण काढावी आणि तिच्या न कुरकुरण्यावर विश्वास ठेवावा, यापेक्षा शिक्षकाला मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

त्याच पत्रात माहेरचा एक प्रसंग आहे. भाऊ प्रेमळ, पण लोकांच्या बोलण्याने घाबरलेला. त्याने बहिणीला सुनावले की तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी करता ते कुळाला बट्टा लावणारे आहे, जातीच्या रूढीप्रमाणे वागा. सावित्रीबाई चिडल्या नाहीत आणि गप्पही बसल्या नाहीत. त्यांनी भावाला समजावले की तू गाई-शेळ्यांना जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि आपल्यासारख्याच माणसांना मात्र शिवून घेत नाहीस, याला काय कारण? भाऊ ओशाळला. आईच्या डोळ्यांत पाणी आले. मुलींनो, घरातल्या वादात आवाज न चढवता, आपल्याच घरातले उदाहरण देऊन कसे बोलावे, याचा हा धडा आहे. वर्गात शिकवण्याची कला त्यांनी आजारपणात, माहेरच्या घरातही सोडली नाही.

आता त्यांच्यातल्या आईकडे वळू. सावित्रीबाईंना पोटचे मूल झाले नाही. अशा बाईला त्या काळी काय काय ऐकावे लागे ते सांगायला नको. आजही ते पुरते थांबलेले नाही. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे असा आग्रह झाला, पण त्यांनी तो मानला नाही. पुढे त्या घरात मुलांना तोटा राहिला नाही. १८६३ साली या जोडप्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांपुढे त्या काळी दोनच वाटा असत, स्वतः मरणे किंवा जन्मलेल्या मुलाला मारणे. अशा बायकांनी येथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे असल्यास न्यावे, नाहीतर येथेच ठेवावे, अशी सोय होती. सोय होती असे लिहिणे सोपे आहे. बाळंतिणीला शेक-शेगडी, खायला गरम अन्न, तान्ह्याला दूध, दुपट्याचे धुणे, रात्रीचे जागरण, हे सगळे त्या घरात होत होते आणि त्याची मुख्य जबाबदारी सावित्रीबाईंवर होती. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला १८७४ साली त्यांनी दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी सावित्रीबाई आई झाल्या. ज्या मुलाला जगाने जन्माआधीच नाकारले होते, त्याला त्यांनी आपले नाव दिले, घर दिले, आणि शिकवून डॉक्टर केले.

याखेरीज बाहेरगावची मुले शिकण्यासाठी त्यांच्या घरी राहत असत. आईचे प्रेम आपल्याला सावित्रीबाईंकडून मिळाले, असे त्यांतल्या एकाने पुढे लिहून ठेवले. घरात त्या काटकसरी, पण दुसऱ्याला द्यायच्या वेळी हात सैल. फाटके नेसलेली बाई दारात आली की तिला स्वतःचे लुगडे काढून देत. खर्च फार होतो म्हणून जोतीराव कधी हसत तक्रार करीत, त्या हसून ते उडवून लावीत, आणि संसार चालू राही. १८६८ साली त्यांनी आपला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात उपाशी लोकांना मदत करण्यासाठी त्या जुन्नर तालुक्यात ओतूरपर्यंत गेल्या. तेथून २० एप्रिल १८७७ रोजी जोतीरावांना लिहिलेले त्यांचे पत्र आजही वाचायला मिळते. पत्नी दूर गावी कामाला आणि पती घरी, असेही त्या संसारात घडत होते आणि त्याने संसार मोडला नाही, उलट घट्ट झाला.

सून आणतानाही त्यांची शिक्षिकेची दृष्टी सुटली नाही. यशवंतचे लग्न ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी ठरले, तेव्हा सावित्रीबाईंनी तिला लग्नाआधीच घरी आणले, तिला शिकता यावे आणि घराची ओळख व्हावी म्हणून. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने, खर्चाचा बडेजाव न करता, हे लग्न झाले. सून घरात यायच्या आधी तिचे पुस्तक घरात आले. हुंड्याची आणि मांडवाची चर्चा करण्याआधी आपल्यापैकी किती घरांत होणाऱ्या सुनेच्या पुस्तकांची चौकशी होते, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावा.

अखेरचे दिवस सोपे नव्हते. १८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, तरी त्यांनी डाव्या हाताने पुस्तक लिहून पुरे केले. त्या काळात त्यांची सेवा, आल्यागेल्याचे पाहणे आणि पैशाची ओढाताण हे सगळे सावित्रीबाईंनी निभावले. हितचिंतकांच्या प्रयत्नाने बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याकडून या घराला मदत पोचली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाने अंत्यविधी करण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. शाळेच्या रस्त्यावर शेणमाती झेलत चाललेली पावलेच ती. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९५ साली सूनही वारली. घर रिकामे होत गेले, पण काम थांबले नाही.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. लोक घरातल्या माणसालाही शिवायला धजत नव्हते. सावित्रीबाईंनी डॉक्टर यशवंतला बोलावून घेतले आणि पुण्याबाहेर ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी आहे असे कळताच सहासष्ट वर्षांच्या या बाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. त्यांना मात्र लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर दुसऱ्यांची मुले पाठीशी घालणाऱ्या बाईंनी शेवटचे मूलही पाठीवरच वाहिले.

पालकहो, या चरित्रातून घर की शाळा या प्रश्नाचे काय उत्तर मिळते? सावित्रीबाईंनी दोन्ही सांभाळले, हे खरे. पण त्या देवी होत्या म्हणून सांभाळले, असे म्हणून आपण सुटका करून घेऊ नये. त्यांना सगुणाबाईंसारख्या वडीलधाऱ्या बाईचा आधार होता. पत्नीच्या कामाला आपले काम मानणारा पती होता. अडचणीच्या दिवशी घर उघडणारे उस्मान शेख होते. आजारपणात भार उचलणारी फातिमा होती. एका बाईने शाळा सांभाळायची तर तिच्या घराने तिला सांभाळावे लागते. सावित्रीबाईंचे मोठेपण त्यांचे स्वतःचेच आहे, पण ते फुलायला अशा चार माणसांचे वाफे लागले. आपण त्या चार माणसांपैकी कोण होणार, एवढेच आपल्या हातात आहे.

आपल्या धर्माने इल्म मिळवणे हे स्त्री आणि पुरुष दोघांचेही कर्तव्य मानले आहे. हजरत खदीजा व्यापार पाहत होत्या. हजरत आयेशा यांच्याकडून मोठमोठे विद्वान शिकून गेले. तेव्हा शिकणारी आणि शिकवणारी स्त्री आपल्याला परकी नाही. परकी आहे ती आपली भीती.

एक कबुली देऊन हा लेख संपवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर आलीच नाही. गणितात चांगली होती. मी एकदा तिच्या घरी गेलो. आई कामाला जाते, धाकट्या भावाला कोण पाहणार, असे वडिलांनी सांगितले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मी चहा घेतला आणि परत आलो. दुसऱ्यांदा गेलो नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे बरेच दिवस गैरहजेरीची खूण करीत राहिलो आणि एक दिवस ते नाव कमी झाले. गफार बेग मुन्शींची हकीकत वाचली तेव्हा मला तो चहा आठवला. मुन्शीजी परत फिरले नव्हते. बापाचे मन वळेपर्यंत ते बोलत राहिले होते. त्यानंतर मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. मुलगी शाळेत येईनाशी झाली तर एकदा जाऊन थांबायचे नाही. पालकांनी दार उघडावे, आणि शेजाऱ्यांनीही माझ्याबरोबर यावे, ही विनंती.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ. या सुटीत आपल्या आईचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत वहीत लिहून काढा. ती नोकरी करीत असो, शेतात जात असो, शिवणकाम करीत असो की घरी असो. किती वाजता उठली, काय काय केले, स्वतः जेवायला कधी बसली, हे सारे लिहा. फातिमाबाईंचा असा एकही दिवस कोणी लिहून ठेवला नाही, म्हणून आज आपण एका पत्रातल्या उल्लेखावर समाधान मानतो. तुमच्या आईच्या बाबतीत तसे होऊ देऊ नका. वही पूर्ण झाली की आधी ती आईला वाचून दाखवा. मग तिच्या दिवसातले कोणते एक काम उद्यापासून तुम्ही करणार, ते शेवटच्या पानावर लिहा. मुलांनीही लिहायचे आहे, नुसत्या मुलींनी नव्हे. शाळा उघडल्यावर मी वह्या तपासणार आहे.